घुबडमाशीचे कूळ कोणते?

छपरीतल्या भुसभुशीत मातीत नरसाळ्याच्या आकाराचा खड्डा करून तळाशी दडून बसणारा तो किडा मोठेपणी काय होतो? आणि रात्री दिव्यावर येणारा, चतुरासारखा दिसणारा पण चतुर नसलेला तो कीटक कोण? भंडारा जिल्ह्यातल्या शाळेत कीटकांचा विषय निघाला की हे दोन प्रश्न हमखास येतात. दोन्हींचे उत्तर एकच आहे: मुंगीसिंह. पण त्या उत्तरामागे तिसरा प्रश्न उभा राहतो आणि त्यावर जगभरचे कीटकतज्ज्ञ अजूनही वाद घालतात. मुंगीसिंहाची नातलग असलेली घुबडमाशी नेमकी कोणत्या कुळात घालायची? या प्रकरणात आपण त्या तिसऱ्या प्रश्नापर्यंत पायरीपायरीने जाऊ.

1. खड्ड्यातला शिकारी

कवेलूच्या छपराखाली, गोठ्याच्या भिंतीलगत, देवळाच्या ओट्याच्या आडोशाला, कोका किंवा नागझिऱ्याच्या जंगलात खडकाच्या कपारीखाली, जिथे पावसाचे पाणी पोहोचत नाही आणि माती कोरडी, बारीक राहते तिथे हे खड्डे दिसतात. ते करणारी मुंगीसिंहाची अळी जेमतेम सेंटीमीटरभर लांब, मातकट रंगाची आणि फुगीर पोटाची असते. ती उलटी, म्हणजे मागे मागे चालते. गोल फिरत फिरत ती मातीत शिरते आणि डोक्याच्या झटक्याने माती बाहेर फेकत खड्डा खोल करते.

या खड्ड्याचे मर्म त्याच्या उतारात आहे. कोरडी वाळू एका ठरावीक उतारापेक्षा तीव्र उभी राहू शकत नाही; तसा प्रयत्न केला तर ती घसरते. अळी खड्ड्याच्या भिंती बरोबर त्या मर्यादेवर आणून ठेवते. काठावरून मुंगीचा पाय पडला की माती घसरते आणि मुंगी तळाकडे येऊ लागते. ती वर चढायला लागली तर अळी खालून मातीचा मारा करते. तळाशी आलेल्या मुंगीला दोन विळ्यांच्या आकाराचे जबडे पकडतात.

हे जबडे चावण्यासाठी नसतात. प्रत्येक जबडा दोन भागांचा असून त्यांच्या मध्ये एक नळी असते. त्या नळीतून अळी पाचक रस भक्ष्याच्या अंगात सोडते, आतले सगळे विरघळवते आणि शोषून घेते. उरलेले पोकळ टरफल डोक्याने उडवून बाहेर फेकते. तिच्या आतड्याचा मागचा भाग बंद असल्यामुळे अळीच्या साऱ्या आयुष्यात ती विष्ठा टाकत नाही. साचलेला मळ प्रौढ झाल्यावर एकदम बाहेर पडतो.

भरपूर खायला मिळाले तर अळी लवकर वाढते, नाही मिळाले तर हे आयुष्य दोन-तीन वर्षेही चालते. मग ती मातीत रेशमाचा गोल कोश विणते आणि त्याला बाहेरून वाळूचे कण चिकटवते. आंधळगावच्या विणकरांमुळे भंडारा जिल्ह्याला कोसा रेशीम नवे नाही. पण कोसा रेशमाच्या अळीचे रेशीम तोंडाजवळून निघते, तर मुंगीसिंहाच्या अळीचे शरीराच्या मागच्या टोकाकडून. तिच्यातल्या उत्सर्जनाच्या नलिकाच वाढीच्या शेवटी रेशीम तयार करू लागतात.

2. चतुर का नव्हे?

कोशातून जो बाहेर येतो त्याला चार लांबट, पारदर्शक, जाळीदार पंख आणि काडीसारखे सडपातळ अंग असते. म्हणून लोक त्याला चतुर समजतात. फरक ओळखायला तीन खुणा पुरतात.

पहिली खूण मिशांची. चतुराच्या मिशा केसासारख्या, इतक्या आखूड की सहजी दिसतही नाहीत. मुंगीसिंहाच्या मिशा जाड, नजरेत भरणाऱ्या आणि टोकाला फुगीर असतात. दुसरी खूण बसण्याची. चतुर पंख आडवे पसरून बसतो, मुंगीसिंह ते अंगावर दोन्ही बाजूंनी उतरत्या छपरासारखे मिटून घेतो. तिसरी खूण उडण्याची. चतुर भर उन्हात वेगाने आणि सफाईने उडतो, तर मुंगीसिंह बहुधा संध्याकाळनंतर आणि काहीसा फडफडत.

बालपणातला फरक याहून मोठा आहे. चतुराची पिल्ले पाण्यात वाढतात; जिल्ह्यातल्या मालगुजारी तलावांत ती विपुल सापडतील. पिल्लाची शेवटची कात फाटली की थेट चतुर बाहेर येतो, मध्ये कोश नसतो. मुंगीसिंहाच्या आयुष्यात अंडी, अळी, कोश आणि प्रौढ अशा चारही अवस्था असतात. फुलपाखरासारखाच तो पूर्ण रूपांतर करतो.

आणखी एक गोष्ट इथेच नोंदवू. खड्डा करणे ही सगळ्या मुंगीसिंहांची सवय नाही. बहुसंख्य जातींच्या अळ्या खड्डा न करता वाळूत, पालापाचोळ्यात किंवा झाडाच्या ढोलीतल्या भुशात नुसत्या दबा धरून बसतात. आपल्याला खड्डेवाले माहीत असतात, कारण तेच घराजवळ राहतात.

3. घुबडमाशी कोण?

तिन्हीसांजेला झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर एखादा चतुरासारखा कीटक वेगाने घिरट्या घालत किडे टिपताना दिसला आणि त्याच्या मिशा फुलपाखरासारख्या लांब, टोकाला गाठ असलेल्या दिसल्या, तर ती घुबडमाशी. तिचे डोळे डोक्याच्या मानाने अवाढव्य असतात. अनेक जातींत प्रत्येक डोळ्यावर आडवी खाच असते आणि एका डोळ्याचे वरचा व खालचा असे दोन भाग पडतात. दिवसा ती काटकीला चिकटून बसते. काही जाती पोट काटकीपासून वर उचलून धरतात, त्यामुळे तिथे वाळलेली फांदी फुटल्यासारखे दिसते.

तिची अळी खड्डा करत नाही. ती झाडाच्या सालीवर, दगडावर किंवा पाचोळ्यात सपाट पडून राहते. अंगाच्या कडेला बोटांसारखे फुगवटे असतात, त्यांवर धूळ-कचरा चिकटलेला असतो. जबडे पूर्ण उघडे ठेवून ती तासन् तास वाट पाहते आणि किडा जवळ आला की ते मिटतात.

आता दोन्ही अळ्या शेजारी ठेवून पाहा. विळ्यासारखे, आतून दातेरी, पोकळ जबडे दोघींना आहेत. मागच्या पायाची नळी आणि पाऊल हे दोन वेगळे भाग जुळून एक झालेले आहेत, तेही दोघींत. मोठेपणी वेगळ्या दिसणाऱ्या या कीटकांचे बालपण असे सारखे आहे. नाते जवळचे आहे यात कधीच शंका नव्हती. ते किती जवळचे, हा खरा प्रश्न होता.

4. वर्गीकरणाची उतरंड

नाते सांगण्यासाठी जीवशास्त्रात ठरलेल्या पायऱ्या आहेत. जवळच्या जाती मिळून प्रजाती होते, प्रजाती मिळून कूळ, कुळे मिळून गण आणि गण मिळून वर्ग. मोठ्या कुळाच्या आत उपकुळेही असतात. मुंगीसिंहाचा वर्ग कीटकांचा आणि गण न्यूरॉप्टेरा, म्हणजे जाळीदार पंखांचे कीटक. कपाशीवरच्या माव्याचा फडशा पाडणारा मित्रकीटक म्हणून शेतकऱ्यांना ठाऊक असलेला क्रायसोपर्ला याच गणातला आहे.

या उतरंडीचा पाया घातला स्वीडनच्या कार्ल लिनियसने. 1758 मध्ये त्याने न्यूरॉप्टेरा गण मांडला, तेव्हा त्यात चतुरसुद्धा घातले होते. जाळीदार पंख दिसले की एका गटात, असा तो हिशेब होता. मुंगीसिंहाची मिर्मेलिऑन ही प्रजाती त्याने 1767 मध्ये नोंदवली. पुढे चतुरांना वेगळा गण मिळाला. म्हणजे आज दिव्यावर आलेल्या मुंगीसिंहाला चतुर समजणारा माणूस लिनियसच्याच पंगतीत बसतो.

घुबडमाशीची कथा याहून गमतीची आहे. जिओव्हानी स्कोपोली या निसर्गतज्ज्ञाने 1763 मध्ये युरोपातल्या एका घुबडमाशीचे वर्णन केले आणि तिला चक्क फुलपाखरांच्या पापिलिओ या प्रजातीत टाकले. रंगीत पंख आणि गाठीच्या मिशा पाहिल्या तर त्याची चूक समजण्यासारखी आहे. त्याच जातीला आज लिबेलॉइडिस मॅकॅरोनियस म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात दोन्ही गटांना आपापली कुळे मिळाली. मुंगीसिंहांचे मिर्मेलिऑन्टिडी हे कूळ फ्रान्सच्या लात्रेय यांनी 1802 मध्ये मांडले, घुबडमाश्यांचे ॲस्कलाफिडी हे कूळ लफेव्र यांनी 1842 मध्ये. इंग्रज कीटकतज्ज्ञ रॉबर्ट मॅकलॅक्लन यांनी 1870 च्या दशकाच्या आरंभी घुबडमाश्यांची आतली मांडणी नीट केली. खाच असलेल्या डोळ्यांच्या एका बाजूला, अखंड डोळ्यांच्या दुसऱ्या बाजूला, ही त्या मांडणीची मुख्य वाट होती. दोन शेजारी कुळे, आखूड मिशांचे एक आणि लांब मिशांचे दुसरे, अशी वाटणी शतकाहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांत टिकली.

5. दिसणे फसवते

तरी काही कीटक या वाटणीत बसत नव्हते. ब्राझीलमधला अल्बार्डिया फर्काटा हा मोठा, दणकट कीटक कधी घुबडमाश्यांत, कधी मुंगीसिंहांत असा फिरत राहिला. ऑस्ट्रेलियातले स्टिल्बॉप्टेरिक्स हे असेच: मुंगीसिंह म्हणावेत तर घुबडमाशीसारखे भक्कम आणि वेगाने उडणारे.

केवळ सवय किंवा आकार पाहून नाते ठरवणे किती धोक्याचे आहे, याचा सर्वांत चांगला नमुना खड्ड्यांमध्येच सापडतो. जगात आणखी एक किडा हुबेहूब असाच खड्डा करतो, तळाशी दडतो आणि मुंग्या पकडतो. पण तो मुंगीसिंह नाही. तो व्हर्मिलिऑनिडी कुळातल्या माशीची अळी आहे. घरमाशी आणि डास ज्या गणात येतात त्या गणातली. कोरड्या मातीत मुंग्या पकडण्याची तीच युक्ती दोन परक्या घराण्यांना स्वतंत्रपणे साधली. अमेरिकेचे मुंग्यांचे अभ्यासक विल्यम मॉर्टन व्हीलर यांनी 1930 मध्ये या दोन्ही खड्डेवाल्यांवर मिळून एक अख्खे पुस्तक लिहिले.

सारखेपणामागे समान पूर्वज असेलच असे नाही आणि वेगळेपणामागे दूरचे नाते असेलच असेही नाही. मग ठरवायचे कसे?

6. भावकीचा नियम

जर्मन कीटकतज्ज्ञ विली हेनिग यांनी 1950 मध्ये यावर एक कडक नियम मांडला. त्यांचे म्हणणे असे: कोणताही गट करायचा तर त्यात एका पूर्वजाचे सगळे वंशज आले पाहिजेत. एकही सोडायचा नाही, बाहेरचा एकही घ्यायचा नाही. हा नियम समजायला आपल्याकडची वंशावळ पुरे.

समजा, साकोली तालुक्यातल्या एका पणजोबांना दोन मुलगे होते. थोरल्याचा वंश गावातच राहिला. धाकट्याला दोन मुलगे झाले. त्यातला एक गावातच बांधी कसत राहिला, दुसरा नागपूरला गेला, तिथेच स्थायिक झाला, राहणी बदलली, आडनावही बदलले. आता गावातल्या कुणी घराण्याची यादी केली आणि त्यात गावात राहणाऱ्या, जुने आडनाव लावणाऱ्या सगळ्यांना घेतले, नागपूरकराला वगळले. यादी वरवर ठीक दिसते. पण गावात राहिलेल्या धाकट्याच्या मुलाचा सख्खा भाऊ कोण? नागपूरकर. थोरल्याचे मुलगे त्याचे चुलतभाऊ. म्हणजे यादीने चुलतभावांना आत घेतले आणि सख्ख्याला बाहेर ठेवले. यादी करणाऱ्याने नाते पाहिले नाही, फक्त कोण बदलले नाही एवढेच पाहिले.

आता नावे भरू. थोरल्याचा वंश म्हणजे छपरीतला खड्डेवाला मिर्मेलिऑन. गावात राहिलेला धाकट्याचा मुलगा म्हणजे पाल्पारेस, हा ठिपकेदार पंखांचा, पंख पसरले तर दहा सेंटीमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठा भरणारा मुंगीसिंह. त्याची पाल्पारेस पार्डस ही भारतातली जाती फ्रान्सच्या रांबूर यांनी 1842 मध्ये वर्णिली. आणि नागपूरकर म्हणजे घुबडमाशी. मिर्मेलिऑन आणि पाल्पारेस यांच्या मिशा आखूड आहेत, पण ते पणजोबांपासून चालत आलेले आडनाव आहे. ते दोघांनी टिकवले म्हणून दोघे एकमेकांना जास्त जवळचे ठरत नाहीत. जुनी खूण टिकणे हा जवळच्या नात्याचा पुरावा नसतो. नवी खूण वाटून घेतलेली असणे हा पुरावा असतो. हेनिग यांच्या नियमाचा गाभा एवढाच आहे.

7. जनुकांची साक्ष

हे नाते खरेच असे आहे, हे कळले कसे? शरीरावरच्या खुणा मोजक्या असतात आणि फसवतात. जनुकांमध्ये मात्र हजारो अक्षरांचा मजकूर असतो आणि पिढ्यान् पिढ्या नकलताना त्यात बारीक बदल साचत जातात. कोणते बदल कोणत्या जातींत सामाईक आहेत हे संगणकाकडून तपासून घेतले की वंशावळीचा आराखडा उभा राहतो.

रेनाटो मचाडो, जॉन ऑस्वल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंगीसिंह व घुबडमाश्यांच्या अनेक जातींतील शेकडो जनुकखंड असे ताडून पाहिले. त्यांचा निबंध 2019 मध्ये ‘क्लॅडिस्टिक्स’ या नियतकालिकात छापून आला. घुबडमाश्या या बदललेल्या मुंगीसिंहच आहेत, हा निष्कर्ष त्यांनी शीर्षकातच मांडला. पाल्पारेस आणि स्टिल्बॉप्टेरिक्स यांचे गोत खड्डेवाल्या मिर्मेलिऑनपेक्षा घुबडमाश्यांना जवळचे निघाले. अल्बार्डियाही याच बाजूला आला.

मग हेनिग यांचा नियम लावायचा तर दोन कुळे आहेत तशी ठेवता येत नव्हती. मचाडो आणि सहकाऱ्यांनी सगळ्यांना एकाच मिर्मेलिऑन्टिडी कुळात घेतले आणि त्याची चार उपकुळे केली: मिर्मेलिऑन्टिनी, डेन्ड्रोलिऑन्टिनी, नेमोलिऑन्टिनी आणि ॲस्कलाफिनी. घुबडमाश्या, पाल्पारेस, स्टिल्बॉप्टेरिक्स हे सारे चौथ्या उपकुळात आले. कुळाच्या शास्त्रीय नावाला ‘इडी’ आणि उपकुळाच्या नावाला ‘इनी’ हा शेवट लागतो, म्हणून ॲस्कलाफिडीचे ॲस्कलाफिनी झाले. एकत्र कुळाला मुंगीसिंहांचेच नाव का, तर दोन कुळे एक झाली की आधी दिलेले नाव टिकते असा संकेत आहे. इथे 1802 विरुद्ध 1842, एवढा साधा निकाल.

8. सगळ्यांना पटले का?

नाही. त्याच 2019 साली जोशुआ जोन्स यांनी घुबडमाश्यांचे नवे वर्गीकरण मांडले आणि त्यात ॲस्कलाफिडी हे स्वतंत्र कूळ कायम ठेवले. आणखी एक तोड काही तज्ज्ञांनी काढली. घुबडमाश्यांना आत घेण्याऐवजी पाल्पारेसच्या गोतालाच स्वतंत्र कूळ द्यायचे. 2021 मध्ये आंद्रे प्रोस्ट आणि ॲलेक्सी पोपोव्ह यांनी ईशान्य नामिबियातल्या या कीटकांची यादी केली, तेव्हा ॲस्कलाफिडी, पाल्पारिडी आणि मिर्मेलिऑन्टिडी अशी तीन कुळे मोजली.

मघाची वंशावळ आठवली तर दोन्ही बाजू समजतात. एक म्हणते, पणजोबांचे सगळे वंशज एका यादीत घ्या. दुसरी म्हणते, थोरल्याची यादी वेगळी करा आणि धाकट्याच्या दोन्ही मुलांना आपापली यादी द्या. दोन्हींत कुणाचे नाते खोटे सांगितले जात नाही. चालत नाही ती फक्त जुनी यादी, जिने सख्ख्याला सोडून चुलतभावांना जवळ केले. नाते ठरवणे हे शोधाचे काम आहे आणि पुराव्याने ते पक्के होत जाते. त्या नात्याला कूळ म्हणायचे की उपकूळ, हा तज्ज्ञांनी एकमेकांशी करायचा करार आहे आणि करार बदलू शकतो.

9. आता तुम्ही ओळखा

लाखनीत किंवा तुमसरमध्ये अंगणातल्या दिव्यावर असा एखादा कीटक आला तर क्रमाने तीन गोष्टी पाहा.

आधी मिशा. दिसतच नसतील तर चतुर किंवा त्याची सडपातळ नातलग टाचणी. जाड आणि डोके-छातीच्या मापाच्या असतील तर मुंगीसिंह. अंगाच्या निम्म्याहून लांब आणि टोकाला गाठ असेल तर घुबडमाशी.

मग पंख. चारही पंखांवर तपकिरी मोठे ठिपके आणि आकार चांगला मोठा असेल तर पाल्पारेसच्या गोताचा विचार करा. पंख स्वच्छ, पारदर्शक आणि आकार मध्यम असेल तर तो नेहमीच्या मुंगीसिंहांपैकी असण्याची शक्यता जास्त.

घुबडमाशी असेल तर शेवटी डोळे. बाजूने पाहा, आडवी खाच आहे की नाही. मॅकलॅक्लन यांच्या वेळेपासून तिच्या ओळखीची ही पहिली पायरी आहे.

जातीपर्यंत पोहोचायला मात्र पंखांच्या शिरा आणि नराचे जननांग तपासावे लागतात, तिथे जाणकाराची मदत घ्यावी. इंटरनेटवर किंवा पुस्तकात शोधताना घुबडमाशी ॲस्कलाफिडी आणि मिर्मेलिऑन्टिडी अशा दोन्ही कुळांखाली शोधा. जुनी पुस्तके पहिल्या नावाने लिहिलेली आहेत, नवी बरीच दुसऱ्या.

जगात मुंगीसिंहांच्या दीड हजारांहून अधिक आणि घुबडमाश्यांच्या चारशेहून अधिक जातींची नोंद आहे. कोलकात्याला मुख्यालय असलेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने आपल्या शेजारच्या मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधल्या मुंगीसिंहांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. वैनगंगेच्या या काठावरही तेच जंगल आणि तीच माती आहे. तेव्हा असा कीटक दिसला तर मिशा, पंख आणि डोळे स्पष्ट दिसतील असे फोटो काढा, गावाचे नाव व तारीख लिहा, आणि ती नोंद शाळेच्या विज्ञान शिक्षकांना किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला द्या. कुळाचे नाव उद्या बदलले तरी अशी नोंद बाद होत नाही.